ताई, एक विचारू? : ‘इजाजत’मधली सुधा, स्टँपवरची सोडचिठ्ठी आणि एक पुरणयंत्र

मागच्या अंकात बोलता बोलता ‘इजाजत’चं नाव माझ्या तोंडून निघालं आणि पत्रांचा ढीग लागला. सिनेमातलं मला फार कळतं असं नाही. कौटुंबिक न्यायालयात समुपदेशक म्हणून नोकरी केली आणि हा सिनेमा पाच-सहा वेळा पाहिला, एवढ्या भांडवलावर उत्तरं देते.

ताई, आम्ही दोघांनी मिळून गुलजार यांचा ‘इजाजत’ पाहिला. सुधानं जरा सबुरीनं घेतलं असतं तर संसार टिकला असता, असं ह्यांचं म्हणणं. मला महेंद्रचा राग येतो. रात्री साडेअकरापर्यंत वाद चालला. चूक कोणाची, तुम्हीच सांगा.
— एक वाचक, डोंबिवली

साडेअकरा म्हणजे काहीच नाही. आमच्याकडे भाड्याचा व्हीसीआर आणून हा सिनेमा पाहिला, तेव्हा माझी जाऊ आणि मी दोन दिवस एकमेकींशी बोलत नव्हतो. ती मायाच्या बाजूची.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी: पावसाळी रात्र, रेल्वेची वेटिंग रूम. एकेकाळचे नवरा-बायको महेंद्र आणि सुधा, म्हणजे नसीरुद्दीन शाह आणि रेखा, अचानक समोरासमोर येतात. रात्रभर बोलता बोलता जुनं सगळं उलगडतं. महेंद्रचं मायावर, अनुराधा पटेलवर, प्रेम होतं. सुधाशी लग्न ठरलेलं होतं. त्यानं सुधाला मायाबद्दल आधीच सांगितलं. पण आजोबांचा आग्रह, त्यात माया नेमकी त्याच वेळी कुठे गेली तिचा पत्ता नाही, आणि लग्न लागलं. माया मात्र त्या घरातून कधी पुरती गेलीच नाही.

आता चूक. महेंद्र खोटारडा नाही, हे मान्य. पण खरं सांगून टाकलं की आपला हिशेब मिटला, अशी त्याची समजूत आहे. असे पुरुष माझ्या टेबलासमोर किती बसले असतील! “मॅडम, मी हिच्यापासून काही लपवलं नाही,” हे पहिलंच वाक्य. मी विचारायची, सांगितल्यानंतर केलंत काय? मग खिडकीबाहेर बघायचे.

माझा खरा राग आजोबांवर. शम्मी कपूरनं ते इतके गोड केलेत की त्यांना कोणी बोल लावत नाही. नातवानं तोंडानं सांगितलं होतं, तरी लग्न लावलं. ‘एकदा लग्न झालं की होईल सगळं ठीक’ या एका वाक्यानं किती घरांच्या फायली आमच्या कपाटात आल्या!

सुधाचंही एक चुकलं. ती न सांगता निघून गेली. बाकी सबुरी तिनं पुष्कळ ठेवली, हे यजमानांना सांगा. म्हणून तर शेवटचा प्रसंग बघा. सकाळ होते, तिचा आताचा नवरा तिला न्यायला येतो (शशी कपूर, दोन-चार मिनिटांचं काम, पण काय काम!). निघताना सुधा महेंद्रच्या पाया पडते. मागच्या वेळी न विचारता गेले, या वेळी इजाजत द्या, म्हणते. आपल्याकडे उंबरा ओलांडताना कोणी ‘जाते’ म्हणत नाही. ‘येते’ म्हणतो, आणि समोरचा ‘या’ म्हणतो. सुधाला ‘येते’ म्हणण्याची सोय उरलेली नाही. ‘जाते’ म्हणवत नाही. मग परवानगीच मागावी लागते. जावेला हे पटत नाही. तिच्या मते पाया पडण्याची काही गरज नव्हती. यावर आम्ही आजही भांडू शकतो.

सिनेमात सुधा पत्र पाठवून महेंद्रला मोकळं करते आणि पुढे दुसरं लग्न करते. पत्रानं असं मोकळं होता येतं का? विचारायचं कारण, माझ्या मेव्हणीची सोडचिठ्ठी गावात शंभराच्या स्टँपवर झाली आहे आणि आता तिला चांगलं स्थळ आलंय.
— एक वाचक, उदगीर

हे पत्र वाचून मी चहा बाजूला ठेवला. सिनेमा 1987 चा आहे, तेव्हाही नुसत्या पत्रानं हिंदू लग्न सुटत नव्हतं, आजही सुटत नाही. हिंदू विवाह कायदा 1955 चा. परस्पर संमतीनं घटस्फोटाची सोय त्यात 1976 च्या दुरुस्तीनं आली, कलम 13ब. निदान वर्षभर वेगळं राहिलेलं असावं लागतं, दोघांनी मिळून अर्ज करायचा, मग सहा महिने थांबून पुन्हा दोघांनी सांगायचं की आमचं ठरलंय ते ठरलंय. ही सहा महिन्यांची मुदत योग्य प्रकरणात कोर्ट माफ करू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयानं 2017 मध्ये सांगितलं. पण कोर्टाची पायरी चुकत नाही.

आता सोडचिठ्ठी. तुमच्या समाजात काडीमोडाची जुनी, सलग चालत आलेली रूढी असेल तर कलम 29 तिला मान देतं. अडचण अशी, की रूढी आहे हे सांगणाऱ्यानं शाबीत करायचं असतं. गावच्या पाच पंचांच्या सह्या आणि नोटरीचा शिक्का म्हणजे पुरावा नव्हे. उद्या पहिल्या नवऱ्यानं तक्रार केली तर दुसरं लग्न रद्दबातल ठरू शकतं, वर फौजदारी. कोणी तक्रार नाही केली तरी वीस वर्षांनी पेन्शनच्या कागदावर बायको म्हणून नाव लावताना सगळं बाहेर येतं. असा स्टँप पेपर देवाच्या फोटोमागे जपून ठेवलेली एक बाई मी पाहिली आहे. घडीवर फाटलेला, चिकटपट्टी लावलेला. तिनं तो टेबलावर ठेवला तेव्हा त्याला उदबत्तीचा वास येत होता. आणि तो काही कामाचा नव्हता.

मेव्हणीला चांगला वकील गाठून द्या. पहिला नवरा राजी असेल तर 13ब चा अर्ज करा. पैशाची अडचण असेल तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात बाईला मोफत वकील मिळतो, तिथे मिळकतीची अट नाही. स्थळाला खरं कारण सांगा. थांबणारं असेल तर थांबेल.

‘इजाजत’मधल्या ‘मेरा कुछ सामान’ या गाण्याला यमक नाही, धड कविता नाही. तरी ऐकताना गळा दाटतो. असं का?
— एक वाचक, बडोदा

संगीतकार पंचमदांनाही (राहुलदेव बर्मन) आधी तसंच वाटलं होतं म्हणे. उद्या वर्तमानपत्राचं पहिलं पान आणून चाल लाव म्हणशील, असं ते गुलजारांना म्हणाले, हा किस्सा प्रसिद्धच आहे. चाल लागली, आणि त्या वर्षी गीतासाठी गुलजारांना व गायनासाठी आपल्या सांगलीच्या आशाबाईंना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. सिनेमातली चारही गाणी आशाबाईंनीच गायलेली. मूळ गोष्ट मात्र बंगाली, सुबोध घोषांची ‘जतुगृह’. जतुगृह म्हणजे आपलं लाक्षागृह. संसाराला हे नाव द्यायला धीर पाहिजे.

गळा का दाटतो? कारण ते गाणं म्हणजे मागे राहिलेल्या सामानाची यादी आहे. आमच्याकडे संमतीच्या अर्जाला अशीच यादी जोडलेली असायची: गोदरेजचं कपाट एक, मिक्सर एक, स्टीलचे डबे चौदा, गादी, उश्या. माणसं लाखांवर लवकर तडजोड करायची आणि उशीवर अडायची.

एका बाईंनी (नावगाव विचारू नका) माझ्यासमोर यादीवर काट मारत मारत सगळं सोडून दिलं. राहिलं एक पुरणयंत्र. ते आईनं दिलेलं, तेवढं माझ्याकडेच राहू दे, म्हणाल्या. नवरा खाली मान घालून बसला होता. म्हणाला, “यंत्र तू नेलंस. बारीक जाळी माझ्याकडे राहिली.” पुढच्या तारखेला तो ती वर्तमानपत्रात गुंडाळून घेऊन आला. बाईंनी पुडी सोडली, जाळी खिडकीच्या उजेडाकडे धरून बघितली आणि म्हणाल्या, “घासलेली दिसते.”