जुन्या जिप्सीचं पासिंग झालंय, पण गाडी कशी आहे?

प्रश्न : मी मनीषनगरला राहतो. उमरेडच्या एका गृहस्थांकडची २००८ सालची पेट्रोल जिप्सी घ्यायचं मनात आहे. नंबर एमएच-३४, म्हणजे चंद्रपूरचा. पावणेचार लाख सांगतात. ॲपवर आरसी मार्च २०२८ पर्यंत वैध दिसते, विमा आणि पीयूसीही चालू आहेत. विकणारे म्हणतात, "काहून टेन्शन घेता, पासिंग झालं आहे ना!" माझा भाऊ इंग्लंडमध्ये असतो. तो सांगतो की तिकडे गाडीचा नंबर टाकला की दरवर्षीच्या तपासणीचा सगळा इतिहास दिसतो. आपल्याकडे असं काही बघता येतं का? पासिंग झालं म्हणजे गाडी चांगली, असं धरून चालू का?
— एक वाचक, मनीषनगर, नागपूर

उत्तर : भाऊ, असं धरून चालू नका. तुमचा भाऊ सांगतो ते खरं आहे. तिकडे गाडी तीन वर्षांची झाली की दरवर्षी तपासणी होते. पास की नापास, कशामुळे नापास, त्या दिवशी किलोमीटर किती होते, हे सगळं कुणालाही बघता येतं. आपल्याकडे खासगी गाडीची नोंदणी एकदम १५ वर्षांसाठी होते आणि पुढे पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण. म्हणजे तुमच्या जिप्सीला आरटीओच्या माणसाने २००८ मध्ये नवी असताना बघितलं आणि नंतर थेट १५ वर्षांनी. इतक्या वर्षांत फक्त दोन दिवस. त्या दुसऱ्या दिवशी साहेबांनी चेसिस नंबर, ब्रेक, दिवे, हॉर्न, स्टिअरिंग, टायर बघितले असतील. गिअरबॉक्स उघडून बघणं त्यांचं काम नाही. गाडी त्या दिवशी रस्त्यावर चालवायला धोक्याची नव्हती, एवढंच पासिंग सांगतं. त्यानंतर ती कुठे आपटली, कुठे पाण्यात बुडाली, हे त्या कागदाला माहीत नसतं.

मग इतिहास शोधायचा कुठे? मी ग्राहकाला आधी जुनी पीयूसी मागायला सांगते. बीएस-४ या प्रदूषण मानकाच्या आधीच्या गाडीला दर सहा महिन्यांनी पीयूसी लागते आणि त्या कागदावर नंबर प्लेटसकट गाडीचा फोटो छापलेला असतो. आठ-दहा कागद तारखेप्रमाणे टेबलावर मांडा. एका फोटोत मागे कापडी छत, पुढच्यात छतच नाही, त्याच्या पुढच्यात समोर लोखंडी बंपर आणि मोठे टायर. गाडीचं काय काय केलं गेलं ते महिन्यासकट समोर येतं. कागदावर कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बनचे आकडेही असतात. ते वर्षानुवर्षं चढत गेले असतील तर इंजिन थकत चाललंय. आणि दोन-अडीच वर्षांचे कागदच नसतील तर तेवढे दिवस गाडी कुठे उभी होती, हे सरळ विचारा. विम्याच्या पॉलिसीही अशाच ओळीने मागा. ज्या वर्षी नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल मिळणारी सूट, अचानक शून्यावर आला, त्याच्या आधी बहुतेक काहीतरी मोठं झालेलं असतं.

ॲपवर तुम्ही वैधतेची तारीख बघितली, बरं केलं. आता मालक कितवा ते बघा, बँकेचं नाव लागलेलं आहे का ते बघा, आणि उत्पादनाचा महिना-वर्ष नोंदणीच्या तारखेशी ताडून बघा. या दोन्हींत आठ-दहा वर्षांचं अंतर असेल तर गाडी लष्कराच्या लिलावातली असण्याची शक्यता मोठी. लिलावातली गाडी वाईटच असते असं नाही, पण मग लिलावाचे मूळ कागद हातात आल्याशिवाय पुढे जाऊ नका.

एमएच-३४ आणि उमरेड हे वाचून माझ्या मनात पहिलं नाव आलं ते ताडोबाचं, दुसरं कऱ्हांडल्याचं. ही जिप्सी जंगल सफारीत चाललेली आहे का, हे आडपडदा न ठेवता विचारा. एखाद्या काळात तिला भाड्याने चालवायचा परवाना आणि पिवळी प्लेट असेल तर तुमचा फायदाच आहे. अशा गाडीला आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी फिटनेस घ्यावा लागतो. म्हणजे तुम्ही शोधताय तसा तपासणीचा इतिहास इथे खरोखर असतो. फिटनेसचे ते कागद आणि परवाना परत केल्याचा, गाडी खासगीत आणल्याचा कागद मागा. सफारीची गाडी किलोमीटर कमी दाखवते, पण ते सगळे पहिल्या-दुसऱ्या गिअरमधले, खड्ड्यांतले आणि मागे सहा माणसं बसवलेले असतात.

आता चेसिस नंबर. हे मी दरवेळी सांगते आणि यापुढेही सांगणार. कामठी रोडवर ऑटोमोटिव्ह चौकाजवळ आमचं गॅरेज आहे, बाबांनी सुरू केलेलं. बाबांच्या खिशात कायम एक पेन्सिल असायची. गाडी बघायला गेले की आधी रॉकेलच्या फडक्याने चेसिसची पट्टी पुसायचे, नंबरावर पातळ कागद ठेवायचे आणि पेन्सिल आडवी धरून हलक्या हाताने घासायचे. काळ्यावर पांढरे आकडे उमटायचे. मग तो कागद आरसीशेजारी ठेवून एकेक आकडा बोटाने मोजायचे. २०१३ मध्ये मी माझ्यासाठी एक डिझेल जीप घ्यायला गेले. पाऊस लागला होता, इंजिन सुरेख वाजत होतं, आणि मी खाली वाकलेच नाही. ट्रान्सफरच्या वेळी कळलं की आरसीवर एका जागी ८ आहे आणि गाडीवर ३. विकणाऱ्याने फोन उचलणं बंद केलं. दोन पावसाळे ती जीप गॅरेजमागे उभी राहिली. शेवटी सुटे भाग काढून विकले. त्या इंजिनाचा आवाज मला आजही आठवतो आणि वाईट वाटतं.

म्हणून तुम्ही पेन्सिल न्याच. आकडे एका ओळीत आहेत का, एखादा जास्त खोल ठोकलेला आहे का, आजूबाजूला ग्राइंडरचे ओरखडे किंवा तेवढ्याच जागी ताजा रंग आहे का, हे कागदावर डोळ्यांपेक्षा स्पष्ट दिसतं. इंजिन नंबरही ताडा. जुन्या जीपमध्ये दुसरंच डिझेल इंजिन बसवायची आपल्याकडे फार हौस आहे. आरसीवर पेट्रोल आणि बॉनेटखाली डिझेल असेल तर ती गाडी सोडून द्या. कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलात मालकाला मनाने बदल करता येत नाही, हे मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये आहे आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच बजावलंय. २०२८ ला तुम्ही नूतनीकरणाला जाल तेव्हा कापलेलं छत आणि रुंद टायर यांचा जाब तुम्हालाच द्यावा लागेल, आधीच्या मालकाला नाही.

कागद जुळले तरच गाडीखाली शिरा. जिप्सीचा जीव चेसिसमध्ये असतो. मागचे पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) जिथे शॅकलला, म्हणजे चेसिसला जोडणाऱ्या कडीला, अडकतात तिथे बॅटरी मारून वेल्डिंगचे टाके शोधा. छोटी हातोडी घेऊन पट्टीवर टकटक करत जा. चांगलं लोखंड ठण्ण वाजतं, आतून गंजलेलं भदभद करतं. खालून सगळीकडे ताजा काळा रंग मारलेला असेल तर मी सौदा पुढे ढकलते आणि धुऊन दाखवा म्हणते. फोर बाय फोर टाकून बघायचं ते मातीच्या मैदानावर, डांबरावर नाही. शक्य असेल तर भर दुपारी अर्धा तास चालवा. नागपूरच्या उन्हात रेडिएटर काही लपवू शकत नाही.

किमतीचं म्हणाल तर पुढचा खर्च आत्ताच धरा. वीस वर्षांपेक्षा जुन्या चारचाकीच्या नूतनीकरणाची फी ऑगस्ट २०२५ पासून १०,००० रुपये झाली आहे, पर्यावरण कर त्याहून वेगळा. पीयूसीचे कागद आणि पेन्सिलीचा ठसा दोन्ही नीट निघाले तर पावणेचारावर बोलणी करा. विकणारे कागद दाखवायला कंटाळा करत असतील तर साडेतीनलाही घेऊ नका.

प्रश्न : छिंदवाड्याची एक जुनी जीप स्वस्तात मिळतेय. मालक म्हणतो, एनओसीची घाई नाही, तशीच वर्ध्यात चालवा. चालेल का?
— एक वाचक, वर्धा

उत्तर : घाई आहे. दुसऱ्या राज्यातली गाडी इथे १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवली की नवा नंबर घ्यावा लागतो आणि त्यासाठी तिकडच्या आरटीओची एनओसी लागते. तो अर्ज मालकाच्या सहीने होतो. तुम्ही पूर्ण पैसे दिल्यावर तो सहीसाठी पुन्हा छिंदवाड्याच्या ऑफिसात जाईल, यावर विसंबून राहू नका. एनओसी हातात पडेपर्यंत निम्मे पैसे तुमच्याकडेच ठेवा. एनओसीवरचा चेसिस नंबर गाडीवरच्या नंबराशी पेन्सिलने जुळवा आणि मगच उरलेले द्या.