मोबाइलवर इंटरनेट, संगणकावर नाही

प्रश्न : जुळे सोलापुरातील आमच्या घरी वीज जाऊन आल्यापासून राउटरला केबलने जोडलेल्या संगणकावर इंटरनेट येत नाही, मोबाइलवर मात्र येते. कंपनीकडे तक्रार करावी का?

उत्तर : आधी मोबाइल डेटा बंद करून पाहावे, कारण पुष्कळदा मोबाइल वाय-फायवर नसतोच. तरीही इंटरनेट चालले, तर बाहेरून येणारी जोडणी शाबूत आहे आणि तक्रारीची घाई नको. केबल दोन्ही टोकांना काढून पुन्हा बसवावी. राउटरच्या त्या पोर्टचा (केबल बसवायच्या खाचेचा) दिवा लागला नाही, तर दुसरे पोर्ट, मग दुसरी केबल वापरावी. दिवा लागत असल्यास विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये (आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीत) ‘आयपीकॉन्फिग’ (ipconfig) ही आज्ञा द्यावी. तेथे दिसणारा आयपी पत्ता (नेटवर्कमधील संगणकाचा क्रमांक) १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर राउटरकडून पत्ता न मिळाल्याने संगणकाने तो स्वतःच घेतला आहे असे समजावे, आणि राउटर बंद करून, अर्ध्या मिनिटाने सुरू करून, त्यानंतरच संगणक पुन्हा चालू करावा. पत्ता १९२.१६८ ने सुरू होत असूनही संकेतस्थळे उघडत नसतील, तर त्याच खिडकीत ‘पिंग ८.८.८.८’ (ping 8.8.8.8) ही आज्ञा देऊन इंटरनेटवरील त्या पत्त्याकडून उत्तर येते का पाहावे, उत्तर आले, तर दोष बहुधा डीएनएसचा (संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता शोधणाऱ्या सेवेचा) असतो व ते सेटिंग ‘ऑटोमॅटिक’ ठेवावे.