रोज टीसीसीए टाकूनही पूलचं पाणी हिरवं का होतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. कर्जतजवळ पूल असलेला बंगला घेतला. पूल ३० बाय १२ फुटांचा, सरासरी खोली ४ फूट, पाणी बोअरचं. ऑक्टोबरपासून केअरटेकर रोज वाटीभर, म्हणजे साधारण १०० ग्रॅम टीसीसीए (पूलसाठी मिळणारी क्लोरीनची पावडर) टाकतात आणि दर आठवड्याला तुरटी फिरवतात. तरी एप्रिलमध्ये पाणी हिरवं झालं, मुलांचे डोळे चुरचुरतात, आणि दुकानदार म्हणतो, डोस वाढवा.

डोस वाढवू नका. निदान आज तरी काहीच टाकू नका. आमचं दापोलीला घर आहे आणि पहिल्या उन्हाळ्यात मी नेमकं हेच केलं होतं. पाणी हिरवं झालं की आणखी एक वाटी, दोन दिवसांनी आणखी एक. मे महिना उजाडला तेव्हा पाण्यात हात बुडवला तर बोटं दिसत नव्हती. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी तुमच्या पूलमध्ये पाणी किती आहे ते काढू, कारण हा आकडा हाताशी नसेल तर बाकी सगळा अंदाजपंचे कारभार होतो. ३० गुणिले १२ गुणिले ४ म्हणजे १,४४० घनफूट. एका घनफुटात २८.३ लिटर. म्हणजे जवळपास ४०,७५० लिटर. हिशेबाला ४०,००० धरा आणि हा आकडा पंपरूमच्या भिंतीवर रंगाने लिहून ठेवा. १,००० लिटर पाण्यात १ ग्रॅम म्हणजे १ पीपीएम (दहा लाखांत एक भाग), हे एकदा पाठ झालं की कुठल्याही दुकानदाराला विचारायची गरज उरत नाही.

आता मूळ दुखणं. टीसीसीए म्हणजे नुसता क्लोरीन नव्हे. क्लोरीन आणि सायन्यूरिक ॲसिड एकत्र बांधून ती पावडर किंवा गोळी केलेली असते. हे सायन्यूरिक ॲसिड क्लोरीनला उन्हापासून आडोसा देतं. ते नसेल तर आपल्याकडच्या उन्हात पाण्यातला क्लोरीन दोन तासांत निम्म्याहून जास्त उडून जातो. तेव्हा थोडं हवंच, ३० ते ५० पीपीएम. पण क्लोरीन रोज खर्च होतो आणि आडोसा मात्र तसाच मागे राहतो. तो उन्हाने जात नाही, फिल्टरमध्ये अडकत नाही, वाफ होऊनही जात नाही. १०० ग्रॅम टीसीसीएमागे साधारण ५५ ग्रॅम सायन्यूरिक ॲसिड तुमच्या पूलमध्ये कायमचं मुक्कामाला येतं. तुमच्या पाण्यात ते रोज १.३ पीपीएमहून थोडं जास्त भरतं, महिन्याला ४०. ऑक्टोबर ते एप्रिल सहा महिने धरले तर २४०. बॅकवॉशमध्ये, म्हणजे फिल्टर उलट्या प्रवाहाने धुताना, गेलेलं वजा करा, तरी आज आकडा दीडशेच्या खाली असेल असं मला वाटत नाही.

एवढ्या आडोशात क्लोरीन जवळपास सगळा अडकून पडतो. पाणी तपासायच्या किटमध्ये रंग छान येतो, क्लोरीन ३ दाखवतो, आणि शेवाळ मात्र वाढतच राहतं. रूढ आडाखा असा आहे की रोजचा क्लोरीन सायन्यूरिकच्या साडेसात टक्के तरी हवा. सायन्यूरिक ४० असेल तर क्लोरीन ३ पुरतो. २०० असेल तर १५ लागेल, आणि एवढा रोज राखणं कुठल्याच घरच्या पूलला झेपत नाही. डोस वाढवायचा सल्ला म्हणूनच उलटा पडतो. प्रत्येक वाटीबरोबर आडोसाही वाढतो.

तेव्हा पहिली खरेदी औषधाची नको, टेस्ट किटची करा. आपल्याकडे जे दोन रंगांचं स्वस्त किट सर्रास मिळतं, पिवळा रंग क्लोरीनचा आणि लाल पीएचचा, त्यातला पिवळा हा एकूण क्लोरीन दाखवतो. त्यातला कामाचा किती आणि घामा-लघवीशी जोडला जाऊन निकामी झालेला किती, हे त्यातून कळत नाही. डीपीडीचं, म्हणजे गुलाबी रंगाचं किट घ्या. त्याबरोबर अल्कलिनिटी (तिच्याबद्दल पुढे सांगतो), हार्डनेस म्हणजे पाण्याचा जडपणा, आणि सायन्यूरिक मोजणारं किट घ्या. सायन्यूरिकच्या चाचणीत पाणी दुधाळ होतं आणि नळीच्या तळाचा काळा ठिपका दिसेनासा होईपर्यंत ते ओतत जायचं असतं. ही चाचणी दिवसाउजेडी, सूर्याकडे पाठ करून करा. एक धोका सांगून ठेवतो. क्लोरीन फारच जास्त असेल तर डीपीडीचा गुलाबी रंग क्षणभर येऊन उडून जातो आणि शून्य आहे असं वाटतं. तशी शंका आली तर नमुन्यात निम्मं बिसलेरीचं पाणी मिसळून पुन्हा बघा.

सायन्यूरिक खरंच १५० निघालं तर उपाय एकच, पाणी बदलणं. ते उतरवणारं खात्रीचं औषध नाही. अर्धं पाणी काढून नवं भरलं तर १५० चं ७५ होईल. मात्र इथे मला एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. एप्रिल-मेमध्ये आपल्या आसपासच्या वाड्या-पाड्यांवर बायका हंडे घेऊन उभ्या असतात. त्या दिवसांत २०,००० लिटर पाणी गटारात सोडणं मला पटत नाही, आणि तुमच्या बोअरलाही ते झेपेल का बघा. मी त्या वर्षी पूल झाकून ठेवला आणि पावसाची वाट पाहिली. आपल्या पट्ट्यात पाऊस ३,००० मिलिमीटरच्या पुढे जातो. तुमच्या पूलची खोली सरासरी १,२०० मिलिमीटर. म्हणजे एका पावसाळ्यात पूलच्या दुपटीहून जास्त पाणी वरून पडतं आणि ओव्हरफ्लोने जुनं निघून जातं. दिवाळीच्या आधी मोजलं तेव्हा माझं सायन्यूरिक २० वर आलं होतं. पाणी काढायचंच असेल तर क्लोरीन शून्य होऊ द्या आणि ते झाडांना घाला, विहिरीत किंवा ओढ्यात सोडू नका. आणि भर पावसात पूल पूर्ण रिकामा कधीच करू नका. जमिनीतलं पाणी वर आलेलं असतं, रिकाम्या टाकीला ते खालून उचलतं. फायबरचा पूल तर सरळ वर येतो.

यापुढे रोजचा क्लोरीन कुठून द्यायचा? सायन्यूरिक ४० वर आलं की टीसीसीए बंद करून हायपो वापरा, म्हणजे द्रवरूप सोडियम हायपोक्लोराइट. त्यात आडोसा नसतो. १० टक्क्यांच्या हायपोच्या एका लिटरमध्ये साधारण १०० ग्रॅम क्लोरीन, म्हणजे तुमच्या पूलला अडीच पीपीएम. सूर्य मावळल्यावर, पंप चालू असताना, रिटर्नच्या, म्हणजे फिल्टरमधून पाणी पूलमध्ये परत येतं त्या तोंडापाशी हळूहळू ओता. कॅन ताजा घ्या आणि सावलीत ठेवा, कारण उन्हात ठेवलेल्या कॅनमधलं हायपो काही आठवड्यांत पातळ पाण्यासारखं होतं. चांगल्या प्रतीची ब्लीचिंग पावडरही चालते, पण तिच्यात कॅल्शियम असतं. तुमच्या बोअरच्या पाण्यात ते मुळातच भरपूर असणार, म्हणून मी ती सुचवणार नाही.

बोअरच्या पाण्याचा विषय निघाला म्हणून सांगतो. दापोलीच्या जांभ्यातलं आमचं विहिरीचं पाणी हलकं, त्यात लोह. पहिल्यांदा क्लोरीन टाकला तेव्हा ते चहाच्या रंगाचं झालं. माझ्या मेव्हण्यांचा पूल सिन्नरकडे, काळ्या पाषाणातल्या बोअरवर. त्यांची अडचण नेमकी उलटी. पीएच सारखा ८ च्या वर, टाईल्सवर पाण्याच्या रेषेला पांढरी खरपुडी, हीटरची कॉइल क्षारांनी भरलेली. दोघांनी एकमेकांचा सल्ला ऐकला असता तर दोन्ही पूल बिघडले असते. कर्जतचा खडकही काळाच, म्हणून तुमचं पाणी मेव्हण्यांसारखं निघेल असा माझा अंदाज आहे, पण मोजल्याशिवाय यावर विसंबू नका. शिवाय उन्हाळ्यात तुमच्या पूलमधून दिवसाला दीडशे-दोनशे लिटर पाणी उडून जातं आणि क्षार तिथेच राहतात. वरून पुन्हा बोअरचं भरलं की क्षारांत भरच. टॉपअपला जमेल तितकं पागोळीचं साठवलेलं पाणी वापरलं तर हा त्रास निम्मा होतो.

आकडे म्हणाल तर पीएच ७.२ ते ७.८, अल्कलिनिटी ८० ते १२०, हार्डनेस २०० ते ४००. यातली अल्कलिनिटी लोक सोडून देतात आणि पीएचच्या मागे धावतात. अल्कलिनिटी म्हणजे पीएचला जागेवर धरून ठेवणारी ताकद. ती कमी असेल तर पीएच आज ६.८, उद्या ८ असा उड्या मारतो. टीसीसीए आंबट आहे, तुरटीही आंबट आहे, दोन्ही अल्कलिनिटी खातात. डोळे चुरचुरण्याचं हे एक कारण असू शकतं. ती वाढवायला खाण्याचा सोडा लागतो, धुण्याचा नव्हे. १,००० लिटरला १.७ ग्रॅम टाकला की १ पीपीएम वाढते. तुमची समजा ५० निघाली आणि ८० करायची असेल, तर ३० गुणिले १.७ गुणिले ४०, म्हणजे दोन किलो. धुण्याचा सोडा, ज्याला दुकानात सोडा ॲश म्हणतात, तो पीएच झटकन वर नेतो आणि जड पाण्यात टाकला तर सगळा पूल दुधासारखा पांढरा होतो.

उलट अल्कलिनिटी २५०-३०० निघाली तर हायड्रोक्लोरिक ॲसिड लागेल. बाजारात मिळणाऱ्या तीस-बत्तीस टक्क्यांच्या ॲसिडचे ८०० मिली तुमच्या पूलची अल्कलिनिटी साधारण १० ने उतरवतात. एका वेळी एवढंच टाका, चार तास पंप चालवा, पीएच बघा, मग दुसऱ्या दिवशी पुढचं. बादलीत आधी पाणी घ्या, त्यात ॲसिड ओता. ॲसिडमध्ये पाणी कधीच नाही.

या रसायनांबद्दल एक प्रसंग सांगितल्याशिवाय राहवत नाही. आमच्याकडच्या काकांनी एकदा टीसीसीएचा ओलसर मग तसाच ब्लीचिंग पावडरच्या डब्यात घातला. मिनिटभरात डबा गरम झाला, धूर निघाला आणि पंपरूममध्ये श्वास घेता येईना. काका लगेच बाहेर आले म्हणून निभावलं, पण दोन दिवस त्यांना खोकला होता. चूक माझी, कारण या दोन पावडरी एकमेकींच्या वैरी आहेत हे मी त्यांना कधी सांगितलंच नव्हतं. हायपोवर ॲसिड पडलं तर सरळ क्लोरीन वायूच निघतो. प्रत्येकाला वेगळा मग, वेगळी जागा, मराठीत मोठ्या अक्षरांत नाव. तुमच्या केअरटेकरना जवळ बसवून हे समजावून सांगा आणि हातमोजे-चष्मा घेऊन द्या. हे काम रोज त्यांचे हात करणार आहेत.

तुरटी आता थांबवा. गढूळपणा खाली बसवायला ती वर्षातून एखाद्या वेळी ठीक आहे, तीही बसलेला गाळ फिल्टरमधून न नेता व्हॅक्यूमने थेट बाहेर काढणार असाल तर. नाहीतर तोच गाळ सँड फिल्टरमधल्या वाळूच्या गाठी करतो. मोरचूद टाका असंही कुणीतरी सांगेल. त्याने शेवाळ मरतं हे खरं, पण तांबं पाण्यात राहतं, प्लास्टरवर डाग पडतात आणि फिकट केसांना हिरवट झाक येऊ शकते.

आता हे हिरवं पाणी साफ कसं करायचं? सायन्यूरिक ४० च्या आसपास आलं की पीएच ७.२ वर आणा. क्लोरीन १६ पीपीएमवर न्या, म्हणजे साधारण सहा लिटर ताजं हायपो. भिंती, पायऱ्या, शिडीच्या मागची जागा, लाइटची फटही ब्रशने घासा. पंप रात्रंदिवस चालू ठेवा, फिल्टरचं प्रेशर चढलं की बॅकवॉश करा. सकाळ-संध्याकाळ मोजा आणि उतरला की पुन्हा १६ वर न्या. पाणी हिरव्याचं राखाडी होईल, मग निळसर. एरवी तीन-चार दिवस लागतात, आमच्याकडे आठ लागले होते. या काळात कुणीही पाण्यात उतरायचं नाही.

संपलं हे कसं ओळखायचं? रात्री अंधार पडल्यावर क्लोरीन मोजा, पहाटे ऊन यायच्या आत पुन्हा मोजा. रात्री ऊन नसतं, पोहणारं कुणी नसतं. तरीही एक पीपीएमहून जास्त उतरला असेल तर शेवाळ अजून खातंय असं समजा. फरक एकच्या आत आला, क्लोरीन उन्हाने आपोआप ३-४ वर उतरला, की मुलांना सोडा. पण उतरण्याआधी त्यांना अंघोळ घाला, विशेषतः केसांना खोबरेल लावलेलं असेल तेव्हा. पूलला जो उग्र 'क्लोरीनचा वास' येतो तो घाम, तेल आणि लघवीशी जोडल्या गेलेल्या क्लोरीनचा असतो. तो वास आणि डोळ्यांची आग बहुतेक वेळा एकत्रच येतात.

आणि तोवर, काठावर उभं राहून सगळ्यात खोल जागेच्या तळाची जाळी स्पष्ट दिसत नाही तोपर्यंत, गेटला कुलूप असू द्या. पाहुणे आले, मुलांनी हट्ट केला तरी. हिरव्या पाण्यात खाली गेलेलं मूल वरून दिसत नाही.