वाचकांचे प्रश्न : निफाडचे अण्णा आणि डॉर्किंगची द्राक्षबाग

प्रश्न : आम्ही रेडिंगला राहतो. माझे सासरे, म्हणजे आमचे अण्णा, जूनच्या शेवटी पहिल्यांदाच इंग्लंडला येतायत. निफाडजवळ त्यांची चार एकर बाग आहे, सगळी हयात द्राक्षातच गेली. मला वाटतंय त्यांना इथली एखादी व्हिनयार्ड टूर दाखवावी, पण नवरा म्हणतो अण्णा माळकरी, वाइनच्या ठिकाणी नेलं तर अवघडून जातील. आणि त्यांच्यासमोर आम्ही दोघांनी टेस्टिंग करायचं म्हणजे कसंतरीच वाटतं. काय करू?

उत्तर : न्या, बिनधास्त न्या. व्हिनयार्ड टूर म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर नुसता ग्लास येतो, पण तो सगळ्यात शेवटी असतो हो. त्याआधी वेलींच्या ओळींमधून चालणं, मग रस काढायचं प्रेस, मग टाक्या, बाटल्यांचे ढीग. यातला बागेतला भाग तर अण्णांना तुमच्या-माझ्यापेक्षा दसपट जास्त कळणार आहे, आणि परक्या देशात येऊन आपल्याला कळतंय असं काहीतरी समोर दिसणं ही त्या वयाच्या माणसासाठी केवढी मोठी गोष्ट असते ते मी माझ्या वडिलांच्या वेळी बघितलंय.

आणि वेळ काय सुंदर जुळलीय बघा. जूनचा शेवट ते जुलैची सुरुवात म्हणजे इथल्या वेलींचा फुलोरा. आपल्याकडे एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची फळछाटणी, वेलीला पूर्ण झोप अशी मिळतच नाही. इथे नोव्हेंबरात पानं झडतात, वेल थंडीत झोपते, जानेवारी ते मार्च एकदाच छाटणी, एप्रिलमध्ये डोळे फुटतात आणि काढणी सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर. वर्षाला एक छाटणी हे ऐकूनच अण्णांचे प्रश्न सुरू होतील. एकरी किती टन निघतो हे तर ते विचारणारच, आणि फक्त दोन टनांच्या आसपास हे उत्तर ऐकून त्यांना आधी खरं वाटणार नाही, तेव्हा सोबत हेही सांगा की यांना टपोरा मणी नकोच असतो, लहान मणी, साखर कमी आणि आंबटपणा भरपूर असं फळ स्पार्कलिंग, म्हणजे फेसाळ वाइनला लागतं आणि ते अशा थंड हवेत चांगलं मिळतं.

थंडीवरून आठवलं. निफाडचा पारा चार-पाचवर उतरला की रात्री बागेत शेकोट्या करून धूर करतात ना, अगदी तसंच इथे एप्रिल-मेमध्ये कोवळ्या फुटीवर दंव पडायची भीती असते आणि मग पहाटे दोन-तीन वाजता उठून ओळींमध्ये मेणाचे मोठाले डबे पेटवतात, शेकड्यांनी. गाइडला सांगा की अण्णाही हेच करतात. एवढ्या एका वाक्यावर दोघांची गट्टी जमेल. भुरी आणि डाऊनी हे वेलीवरचे बुरशीचे रोग इथेही तसेच, आणि युरोपात भुरी पहिल्यांदा लक्षात आली ती इथल्याच केंटमध्ये, मार्गेटच्या एका काचघरात, १८४५ साली, हे पण अण्णांना जरूर सांगा. हवामानाने होणारं नुकसान तर विचारू नका, २०१२चा उन्हाळा इतका पावसाळी गेला की ससेक्सच्या नाइटिंबर या वाइनवाल्यांनी त्या वर्षी वाइनच केली नाही, सगळं पीक सोडून दिलं. गारपिटीने बाग गेलेल्या माणसाला यातलं दुःख समजावून सांगावं लागत नाही.

कुठे न्यायचं? तुम्ही रेडिंगला आहात तर डॉर्किंगचं डेनबीज, ही मोठी द्राक्षबाग. रेडिंगहून गॅटविककडे जाणारी ट्रेन डॉर्किंग डीपडीनला थांबते, न बदलता जाता येतं, पुढे थोडं चालणं. २६५ एकरांवर एकसलग वेली आहेत, १९८६पासून लावलेल्या, आणि बागेतून फिरवणारी छोटी गाडी असते त्यामुळे गुडघे दुखत असले तरी चिंता नाही. फक्त ती कुठल्या दिवशी चालते ते बघून बुकिंग करा, आम्ही एका ठिकाणी न विचारता गेलो तर त्या दिवशी फक्त टेस्टिंग होतं, बागेत कोणी सोडलंच नाही, एवढ्या लांब जाऊन नुसतं खुर्चीत बसून आलो. उतारावर मातीतून वर आलेले पांढरे खडे दिसतील, तो चॉक, म्हणजे खडूच. आपल्या काळ्या जमिनीत हयात काढलेल्या माणसाच्या हातात तो खडा नक्की द्या, बोटांना पांढरं लागतं. पाणी धरूनही ठेवतो आणि जास्तीचं सोडूनही देतो, आणि हाच थर समुद्राखालून पलीकडे फ्रान्सच्या शँपेनपर्यंत गेलेला आहे.

राहिलं टेस्टिंग. अण्णांसाठी बिनटेस्टिंगचं तिकीट आहे का विचारा, नसेल तर ज्यूस देतात का ते आधीच विचारून ठेवा. आणि तुम्ही घेता हे अण्णांना तिथे टेबलावर कळू देऊ नका, आदल्या दिवशी घरी चहा पिताना नवऱ्याने सरळ सांगावं. त्यांचा चेहरा उतरला तर तुम्ही दोघांनीही त्या दिवशी घेऊ नका, ग्लास नंतर कधीही मिळेल. पण माझा अनुभव असा की शेतकरी माणूस पिकाचं पुढे काय होतं हे बघायला उत्सुकच असतो.

प्रश्न : इंग्लिश स्पार्कलिंग म्हणजे शँपेनच ना? मग तसं का म्हणत नाहीत? आणि एवढी महाग का?

उत्तर : शँपेन हे फ्रान्समधल्या त्या प्रदेशाचं नाव, दुसऱ्या कोणाला लावता येत नाही. पद्धत मात्र तीच, द्राक्षंही बहुतेक तीच, शार्डने, पिनो न्वार आणि पिनो म्युनिए. गंमत म्हणजे वाइनमध्ये साखर घालून तिला फेसाळ करायची ही गोष्ट १६६२ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे कागदावर मांडली ती ख्रिस्तोफर मेरेट या इंग्रजाने. त्या काळी कोळशाच्या भट्टीतली इंग्लिश बाटली जास्त मजबूत असायची, आणि ती लागतेच कारण आतला दाब गाडीच्या टायरच्या दुपटीहून जास्त असतो.

महाग का ते टूरमध्ये डोळ्यांनी दिसतं. तयार वाइनमध्ये थोडी साखर आणि यीस्ट घालून बाटली बंद करतात, ती आत परत आंबते, वायूला बाहेर जायला वाट नसते म्हणून तो वाइनमध्येच विरघळतो. मग बाटली त्या मेलेल्या यीस्टच्या गाळावर पडून राहते, कायद्याने किमान नऊ महिने पण चांगले लोक दोन-तीन वर्षं आणि त्याहूनही जास्त ठेवतात, म्हणजे तेवढी वर्षं पैसे अडकलेले. भट्टीतून पाव निघताना बेकरीत जो वास येतो ना, तो वाइनला या गाळामुळे येतो. शेवटी बाटली हळूहळू फिरवत उलटी करायची, गाळ मानेत जमला की फक्त मान गोठवायची आणि झाकण उडवायचं. मी हे जवळून बघितलंय, फट्ट आवाज होतो, करड्या बर्फाची बोटभर गोळी उडते आणि आत राहते ती वाइन एकदम नितळ. कोणत्याही टूरला हे दाखवत असतील तर तिथे पुढे जाऊन उभे राहा.

प्रश्न : आम्ही शुद्ध शाकाहारी. वाइन द्राक्षाचीच असते तर प्रश्नच नाही ना?

उत्तर : आहे, आणि बरं झालं विचारलंत. वाइन नितळ करायला काही जण अंड्याचा पांढरा भाग, दुधातलं केसीन किंवा माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून केलेला आयसिंग्लास वापरतात. अंडं-दूध राहिलं असेल तर लेबलवर लिहावं लागतं, माशाचं लिहायची सक्ती नाही. म्हणून बाटलीवर व्हिगन लिहिलंय का बघा, नसेल तर टेस्टिंगला सरळ विचारा, रोजचाच प्रश्न आहे तो त्यांना.

प्रश्न : टेस्टिंगला चार-पाच ग्लास देतात, गाडी चालवून परत येता येईल का?

उत्तर : नाही. थोडं थोडं ओततात खरं पण ते मिळून किती झालं हे आपल्याला कळत नाही. चव घेऊन थुंकायला भांडं ठेवलेलं असतं, त्यात थुंकणं तिथे अजिबात वाईट दिसत नाही, पण तरी वाइन न घेणाऱ्यालाच गाडी चालवू दे, नाहीतर ट्रेन. आणि रिकाम्या पोटी जाऊ नका. इथले लोक स्पार्कलिंगबरोबर फिश अँड चिप्स खातात, आंबटपणाने तेलकटपणा कापला जातो म्हणून. त्याच हिशोबाने मी घरी बटाटेवड्याबरोबर लावून बघितली, वाइन हिरव्या सफरचंदासारखी करकरीत आणि वडा गरम, फार छान लागतं. लसणाची चटणी मात्र बाजूला ठेवा, तिच्यापुढे वाइनची चवच येत नाही.