तिनं भिंगातून पाहिलं, ते तुम्ही ऐकलंत का?

पत्र : मुलगी बारावी सायन्सला आहे. दहावीला ९१ टक्के होते, सहामाहीत गणितात १०० पैकी ४८ मिळाले. आम्हाला तिला कॉम्प्युटर इंजिनीअरिंगला घालायचं आहे, ती रत्नपारखी होणार म्हणते. अभ्यासात लक्ष लागावं म्हणून गुरुजींच्या सांगण्यावरून माणकाची अंगठी केली. तिनं भिंगातून पाहून सराफांसमोरच सांगितलं की खड्यात काच भरली आहे, बुडबुडे दिसतात. आमची मान खाली गेली. दिवाळीच्या साफसफाईत तिचे दगडांचे डबे टाकून दिले. त्यात वाघोलीहून आणलेले निळे बारीक खडेही होते. तेव्हापासून ती फार बोलत नाही. आता हिरे कारखान्यात तयार होतात, मग या धंद्याला भविष्य काय? कृपया तिला समजवा.
– एक पालक, सिंहगड रस्ता, पुणे

नमस्कार.

गणितातल्या ४८ गुणांची मला काळजी वाटली नाही. काळजी वाटली ती ‘तेव्हापासून ती फार बोलत नाही’ या वाक्याची. ते लिहून तुम्ही लगेच हिऱ्यांच्या भविष्याकडे वळलात. मला वळता येत नाही.

त्या दुकानात काय झालं असावं, ते सांगते. साधारण २००४ पासून बाजारात शिशाची काच भरलेली माणकं आली. मूळ दगड माणकाचाच, पण इतका भेगाळलेला की एरवी त्याला कुणी पैलू पाडले नसते. भेगांत काच उतरली की तोच खडा स्वच्छ, लालभडक दिसतो. दहापट भिंगाखाली हलवून पाहिला तर भेगेवर निळसर चमक उठते आणि काचेत अडकलेले बुडबुडे दिसतात. ही काच लिंबाच्या रसानंही खराब होते. नुसतं तापवून रंग सुधारलेलं माणिक वेगळं; गिऱ्हाइकाला तसं सांगितलं की ते जगभर रीतसर विकलं जातं. तुमचा खडा कोणता, हे पत्रावरून मी सांगू शकत नाही. पण जे पाहायला हवं, तेच तुमची मुलगी पाहत होती. तिला आईवडिलांचे पैसे वाचवायचे होते, आणि तुम्ही तिचे डबे फेकलेत. हे चुकलं. खडा घातल्यानं सीईटीचे गुण वाढत नाहीत, हेही एकदा स्पष्ट सांगते.

त्या डब्यातले वाघोलीचे निळे खडे कॅव्हनसाइट असण्याची बरीच शक्यता आहे. कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिकेट यांवरून पडलेलं हे नाव. हे खनिज पहिल्यांदा अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये सापडलं, पण त्याचे जगातले सर्वांत देखणे नमुने आपल्या वाघोलीच्या दगडखाणींतून निघाले. दख्खनच्या लाव्हारसातल्या पोकळ्यांत, पांढऱ्या स्टिल्बाइट या खनिजावर निळे झुबके उगवल्यासारखे. मऊ असल्यामुळे ते अंगठीत टिकत नाही, पण जगभरचे खनिजसंग्राहक त्यासाठी पैसे मोजतात. पुण्यातल्या मुलीनं पुण्याचं हे वैभव ओळखून घरी आणलं होतं.

आता तुमचा प्रश्न. ‘हिरे कारखान्यात बनतात, म्हणजे पारख करणारे संपले’ हा समज उलटा आहे. सुरतेत सीव्हीडी पद्धतीनं, म्हणजे वायूतला कार्बन थराथरानं बसवून वाढवलेला हिरा खोटा नसतो. तो कार्बनचाच हिरा असतो. म्हणून सराफाकडची उष्णता मोजणारी पेन-टेस्टर त्याला हिराच म्हणते, आणि ते बरोबरच आहे. तो जमिनीत वाढला की यंत्रात, हे कळायला अतिनील किरणांखाली स्फटिकाच्या वाढीचे थर पाहावे लागतात, खड्यातून येणाऱ्या प्रकाशाचे रंग मोजणारा वर्णपटमापक लागतो, आणि तो वाचणारा माणूस लागतो. नैसर्गिक म्हणून विकलेल्या बारीक हिऱ्यांच्या पुडीत कारखान्यातले मिसळलेले निघतात, तेव्हा सगळा व्यवहार त्या माणसाच्या शब्दावर थांबतो. कारखान्यातल्या हिऱ्यांचे भाव कोसळले हे खरं. खाणीतल्या हिऱ्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या डी बिअर्स कंपनीनं २०१८ मध्ये कॅरेटला ८०० डॉलरनं लाइटबॉक्स हा प्रयोगशाळेतल्या हिऱ्यांचा ब्रँड आणला आणि २०२५ मध्ये तो बंद करत असल्याचं जाहीर केलं. दुकान काढायचं असेल तर हा भाव तुम्हाला झोपू देणार नाही. तुमच्या मुलीला दुकान काढायचं आहे, असं मात्र पत्रात कुठे दिसलं नाही. शिवाय २०२३ च्या अर्थसंकल्पानंतर केंद्रानं मद्रास आयआयटीला प्रयोगशाळेतल्या हिऱ्यांच्या संशोधनासाठी पाच वर्षांकरिता सुमारे २४२ कोटी रुपये मंजूर केले. हिरे वाढवायलाही स्फटिक कळणारी माणसंच लागतात.

तरीही बारावीनंतर लगेच रत्नपरीक्षेच्या डिप्लोमाला घालू नका, असंच मी सांगेन. २००१-०२ च्या सुमारास नीलमाच्या जातीच्या खड्यांत उष्णतेनं बेरिलियम मुरवून नारिंगी रंग आणला गेला. बेरिलियम इतकं हलकं मूलद्रव्य की नेहमीच्या उपकरणांना ते दिसत नव्हतं. ते शोधून काढायला स्फटिकाचं रसायन कळावं लागलं. खड्यांची नावं आणि लक्षणं पाठ असणं पुरलं नाही. आधी फर्ग्युसनसारख्या ठिकाणी जिऑलॉजीत बी.एस्सी., मग जॅम ही प्रवेशपरीक्षा देऊन एम.एस्सी., आणि त्यानंतर हवी तर यूपीएससीची भूवैज्ञानिक परीक्षा. मुंबईच्या जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ इंडियाचा अभ्यासक्रम पदवीनंतरही करता येतो. सुरुवातीचा पगार आयटीइतका नसेल, हे तिलाही आधीच सांगा. फिजिक्स सुटणार नाही, हेही सांगा.

तिला समजवायला मात्र मी येणार नाही. तुमच्या अख्ख्या पत्रात तिचं म्हणणं एका ओळीत संपलंय, आणि तिच्याशी बोलायचं काम तुमचंच आहे. आधी डब्यांबद्दल माफी मागा, बोर्डाच्या परीक्षेच्या आत. मग तिला सोबत घेऊन अंगठी एखाद्या स्वतंत्र रत्नपरीक्षण प्रयोगशाळेत द्या. काय निघेल असं तुला वाटतं, ते आधी कागदावर लिहून ठेव म्हणावं. अहवाल आला की पाकीट तिला उघडू द्या.