वाचकांचे प्रश्न : नवा अल्बम ऐकण्याचा संकल्प

या महिन्यातील पत्रांत संगीताविषयीची पत्रे अधिक होती आणि त्यांपैकी अनेकांची तक्रार एकच होती: नवे अल्बम नेमाने ऐकायचे ठरवले, पण ते टिकत नाही. त्यांतील चार पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पहिल्या पत्राला अधिक जागा दिली आहे, कारण त्यातील अडचण जवळजवळ सर्वांचीच आहे.

प्रश्न: मी बँकेत नोकरी करते. गेली कित्येक वर्षे मी तीच ती गाणी ऐकत आले आहे, हे जाणवल्यावर पाडव्याला ठरवले की दर आठवड्याला एक नवा अल्बम पूर्ण ऐकायचा. सुरुवातीला उत्साह होता. आता अल्बम लावते, दोन-तीन गाणी होतात, मग केव्हातरी अ‍ॅप आपणहून दुसरेच काही वाजवू लागते आणि ते माझ्या लक्षातही येत नाही. ऐकलेल्यातले एकही गाणे मला गुणगुणता येत नाही. वयामुळे नवे संगीत कानात शिरत नाही का? आणि अल्बम निवडायचे तरी कसे? — एक वाचक, नाशिक

उत्तर: वयाला आणि कानाला दोष देऊ नका. किशोरवयात आणि ऐन तारुण्यात ऐकलेली गाणी माणसाला आयुष्यभर अधिक जवळची वाटतात, हे मानसशास्त्राच्या अभ्यासकांना वारंवार आढळले आहे. पण त्या गाण्यांना किती संधी मिळाली होती, तेही आठवून पाहावे. ती आपण रेडिओवर ऐकली, एसटीच्या प्रवासात ऐकली, गणपतीच्या मांडवात ऐकली, शेजारच्या घरातून ऐकली, आणि यातले बरेचसे ऐकणे आपण निवडलेलेही नव्हते. शेकडो वेळा कानावरून गेलेल्या गाण्याशी, कामाच्या दिवशी रात्री ओटा आवरताना एकदाच ऐकलेल्या गाण्याची तुलना करणे न्यायाचे नाही. रॉबर्ट झायॉन्क या मानसशास्त्रज्ञाने १९६८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात असे दाखवले की अनोळखी शब्द, अक्षरचिन्हे किंवा चेहरे माणसाला पुन्हा पुन्हा दाखवले, तर केवळ त्या परिचयामुळेच ते त्याला अधिक आवडू लागतात. संगीताला हे विशेष लागू पडते, कारण चाल पुढे कुठे वळणार हे थोडेसे ठाऊक झाल्यावरच तिच्या वळणाचा आनंद घेता येतो.

म्हणून माझा आग्रह असा आहे की आपला संकल्प नव्या अल्बमांच्या संख्येचा नसावा, तर प्रत्येक अल्बम निदान दुसऱ्यांदा, शक्य तर तिसऱ्यांदा ऐकण्याचा असावा. आठवड्याला एक हा वेग नोकरी आणि घर सांभाळणाऱ्या माणसाला झेपणारा नाही. पंधरा दिवसांना एक पुरे, आणि महिन्याला एक झाला तरी त्यात उणेपणा नाही. पहिल्यांदा ऐकताना हातात काम असले तरी चालेल. दुसऱ्यांदा मात्र फोन पालथा ठेवावा, दिवा मंद करायचा असल्यास करावा, आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत बसून ऐकावे. तिसरे ऐकणे मध्ये तीन-चार दिवस जाऊ देऊन करावे. त्या वेळी कोणती जागा कानाने आधीच लक्षात ठेवली आहे, हे आपले आपल्याला कळते आणि तिथूनच गुणगुणणे सुरू होते.

आता अ‍ॅपविषयी. अल्बम संपल्यावर त्यासारखेच काहीतरी आपोआप वाजवत राहण्याची सोय बहुतेक अ‍ॅपमध्ये मुळातच चालू ठेवलेली असते. सेटिंगमध्ये जाऊन ती बंद करावी. अल्बम संपला की खोलीत शांतता व्हायला हवी, त्याशिवाय तो संपला हे मनाला कळत नाही. दुसरी गोष्ट शफलची, म्हणजे गाणी उलटसुलट क्रमाने वाजवण्याच्या सोयीची. नोव्हेंबर २०२१ मध्ये ब्रिटिश गायिका अडेल हिचा ‘थर्टी’ हा अल्बम आला, तेव्हा गाण्यांचा क्रम आम्ही विचारपूर्वक लावलेला असतो, असे सांगून तिने अल्बमच्या पानावरील शफलचे बटण बदलण्याची विनंती केली आणि इंटरनेटवरून गाणी ऐकवणाऱ्या स्पॉटिफाय या सेवेने ती मान्य केली. एका कलावंताला हे मागावे लागले, यावरून क्रमाची किती उपेक्षा होत होती ते दिसते. याच सेवेत गाणे तीस सेकंद वाजले की ते एकदा ऐकले गेले असे मोजले जाते. त्यामुळे पहिल्या अर्ध्या मिनिटातच ऐकणाऱ्याला धरून ठेवण्याची घाई आजच्या अनेक गाण्यांत जाणवते. जे गाणे सावकाश उलगडते, त्याला आपल्या धीराची अधिक गरज आहे.

क्रमाचे महत्त्व पटवून घ्यायचे असेल तर १९६७ मधील ‘कॉल ऑफ द व्हॅली’ हा अल्बम ऐकावा. शिवकुमार शर्मांचे संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, ब्रिजभूषण काब्रांची गिटार आणि माणिकराव पोपटकरांचा तबला असा हा मेळ आहे, आणि त्याच्या निर्मितीमागे एचएमव्ही या ध्वनिमुद्रिका कंपनीतले जी. एन. जोशी होते, ज्यांना मराठी माणूस भावगीतगायक म्हणून ओळखतो. काश्मीरच्या खोऱ्यातील एका मेंढपाळाचा दिवस, अशी त्याची कल्पना आहे. पहाटेच्या अहिर भैरवाने आरंभ होतो, मग पिलू, भूप, देस असे करत शेवटी पहाडीवर येऊन तो थांबतो. रागांच्या वेळा मानणाऱ्या आपल्यासारख्या श्रोत्यांना वेगळे सांगायला नको की येथे क्रम बदलला तर दिवसच मोडतो. पहिल्या ऐकण्यात बहुतेकांचे लक्ष संतूर आणि बासरीवर असते. दुसऱ्या वेळी, कृपा करून, फक्त काब्रांची गिटार ऐकावी. तारेवरून सरकणाऱ्या पट्टीने काढलेली ती मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्या सुरावर अखंड जाणे, पहिल्या वेळी मागे राहिलेली असते, आणि एकदा सापडली की सगळा अल्बम तिच्या बाजूने ऐकू येऊ लागतो.

आपल्या शेवटच्या प्रश्नाचे, म्हणजे निवडायचे कसे याचे, उत्तरही या गिटारमध्येच आहे. अ‍ॅपच्या शिफारशींपेक्षा अल्बमवर छापलेल्या नावांच्या मागे जावे. काब्रा हे अली अकबर खाँसाहेबांचे शिष्य आणि हिंदुस्थानी संगीतात सरकत्या पट्टीची गिटार रुजवणाऱ्यांतले अग्रणी. तीच वाट विश्वमोहन भट्टांनी स्वतः घडवलेल्या मोहनवीणा या वाद्यापर्यंत नेली. भट्ट आणि अमेरिकन गिटारवादक राय कूडर यांचा ‘अ मीटिंग बाय द रिव्हर’ हा अल्बम १९९३ मध्ये आला. तो कॅलिफोर्नियातील सांता बार्बरा येथील एका चॅपेलमध्ये ध्वनिमुद्रित झाला होता, आणि वाजवायला बसण्याच्या थोडाच वेळ आधी या दोघांची पहिली भेट झाली होती. त्यात अवघ्या चार रचना आहेत आणि दोन अनोळखी माणसे एकमेकांना अदबीने जागा करून देत आहेत, हे ऐकताना स्पष्ट कळते. कूडरचे नाव धरून पुढे गेले की १९९४ मधला ‘टॉकिंग टिंबक्टू’ भेटतो, ज्यात पश्चिम आफ्रिकेतील माली देशाचे अली फार्का तुरे त्यांच्यासोबत आहेत. आणखी एक पाऊल टाकले की क्यूबाची राजधानी हवाना येते. १९९६ मध्ये मालीचे वादक तेथे येऊन क्यूबाच्या वादकांसोबत वाजवणार होते, परंतु त्यांना व्हिसा मिळू शकला नाही. तेव्हा कूडर आणि इतरांनी हवानातलेच, बहुतेकांच्या विस्मरणात गेलेले, वयोवृद्ध कलावंत गोळा केले आणि त्यातून १९९७ चा ‘ब्वेना व्हिस्टा सोशल क्लब’ झाला. त्यातले गायक इब्राहिम फेरेर तोपर्यंत गाणे जवळजवळ सोडून बूटपॉलिश करत होते. मेंढपाळाच्या काश्मीरपासून हवानापर्यंतचा हा प्रवास चार अल्बमांचा आहे आणि त्यात प्रत्येक पायरीवर ओळखीचे एक माणूस किंवा वाद्य सोबत आहे. नवखेपणाची भीती कमी करण्याचा याहून चांगला उपाय मला माहीत नाही.

पूर्वी ही नावे एलपीच्या मागच्या बाजूला किंवा कॅसेटच्या घडीच्या कागदावर असत. आता ती पाहण्यासाठी गाण्याशेजारच्या तीन टिंबांवर दाबून श्रेयनामावली उघडावी लागते. तेवढे कष्ट घ्यावेत, आणि वहीत अल्बमचे नाव, वर्ष व ज्या वादकाकडे पुन्हा जावेसे वाटले त्याचे नाव लिहून ठेवावे. गुण देऊ नयेत. गुण दिले की मन परीक्षकाचे होते आणि ऐकणे बाजूला राहते.

प्रश्न: मी निवृत्त शिक्षक असून मेहदी हसन यांच्या गझलांवर माझे फार प्रेम आहे. मुलगी म्हणते, बाबा, नवीनही ऐका. नवे म्हणजे नुकतेच आलेले की आपण न ऐकलेले? नव्या गझलेत मला तो जीव सापडत नाही. — एक वाचक, सांगली

उत्तर: दोन्ही अर्थ घ्यावेत, परंतु अधूनमधून तरी आज हयात असलेल्या, आज गाणाऱ्या कलावंताचे काम ऐकावे, असे मला मनापासून वाटते. ‘मुहब्बत करने वाले कम न होंगे’ ही हफीज होशियारपुरींची गझल आपण मेहदी हसन यांच्या आवाजात नक्कीच ऐकली असेल. अमेरिकेत राहणाऱ्या पाकिस्तानी गायिका अरूज आफताब यांनी तीच गझल २०२१ च्या ‘व्हल्चर प्रिन्स’ या अल्बममध्ये गायली आणि तिला पुढल्या वर्षी ग्रॅमी मिळाले. हा अल्बम त्यांनी आपल्या दिवंगत धाकट्या भावाच्या स्मृतीला अर्पण केला आहे.

पहिल्यांदा ऐकताना आपली निराशा होण्याची शक्यता आहे, हे आधीच सांगतो. कान मेहदी हसन यांच्या हार्मोनियमची, शब्दाशब्दाला दिलेल्या वेगवेगळ्या सुरांची, एका मिसऱ्यावर, म्हणजे शेराच्या एका ओळीवर, पुन्हा पुन्हा परतून येण्याची वाट पाहील आणि ते येणार नाही. अरूज शब्द फुलवत नाहीत. त्या एक ओळ म्हणतात आणि तिच्याभोवती जागा मोकळी ठेवतात. या अल्बमभर हार्प, गिटार आणि व्हायोलिन आहेत, लय अतिशय संथ आहे, आणि एका ठिकाणी तर रूमीच्या कवितेला जमैकाच्या रेगेचा ठेका मिळाला आहे. दुसऱ्या ऐकण्याआधी मेहदी हसन यांचे गायन मुद्दाम लावू नका. मधे चार दिवस जाऊ द्या. मग असे जाणवेल की मेहदी हसन मैफलीसमोर गझल उलगडून दाखवतात, तर येथे एक बाई आपल्या दुःखाजवळ बसून ती स्वतःशी म्हणत आहे. ज्या जिवाचा शोध आपण घेत आहात तो येथे आहे, आवाज मात्र खाली आहे. कन्येसोबत बसून ऐकता आले तर अधिक चांगले. तिला मेहदी हसन कळतील आणि आपल्याला हे.

प्रश्न: स्वयंपाक करताना किंवा लोकलमध्ये हेडफोनवर ऐकलेले मोजायचे का? मला स्वतंत्र वेळच मिळत नाही. — एक वाचक, डोंबिवली

उत्तर: पहिले ऐकणे म्हणून जरूर मोजावे. दुसऱ्यासाठी मात्र पंधरवड्यातून एकदा चाळीस मिनिटे बाजूला काढावीत. एलपीची एक बाजू साधारण वीस-बावीस मिनिटांची असे, म्हणून त्या काळातले अल्बम चाळीसेक मिनिटांत पूर्ण होतात. वेळ कमी असणाऱ्यांनी सुरुवात तिथूनच करावी. आजचे काही हवे असेल तर अनुष्का शंकर यांनी २०२३ ते २०२५ या काळात तीन लहान भागांत केलेली मालिका आहे. एका वेळी एकच भाग ऐकावा. लोकलच्या खडखडाटावर मात करण्यासाठी आवाज वाढवत नेऊ नये. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी सुचवलेली मर्यादा ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास अशी आहे, आणि आवाज त्याहून चढला की सुरक्षित वेळ झपाट्याने कमी होतो.

प्रश्न: मराठीत नवे अल्बम निघतात का? की आम्ही फक्त परक्या भाषांतलेच ऐकायचे? — एक वाचक, लातूर

उत्तर: ही खंत रास्त आहे. कॅसेटच्या काळात ‘गारवा’सारखा संपूर्ण अल्बम घराघरांत वाजत असे आणि एका गाण्यानंतर कोणते गाणे येणार हे मुलांनाही पाठ असे. कॅसेट आणि सीडी गेल्यावर चित्रपटाबाहेरचे मराठी गाणे बहुधा एकेकटे, दृश्यफितीसह येते, कारण आठ-दहा गाण्यांचा खर्च एकदम उभा करणे कलावंताला परवडत नाही. तरीही दोन गोष्टी करता येतात. आवडलेल्या एखाद्या तरुण गायकाची किंवा वाद्यवृंदाची वर्ष-दोन वर्षांतली सुटी गाणी प्रकाशनाच्या क्रमाने एका यादीत लावावीत आणि ती सलग ऐकावीत. त्यांच्या कामातला बदल अशा वेळी फार छान कळतो, आणि त्यांना दोन ओळींचे पत्र लिहून पुढचे काम अल्बमच्या रूपात मागावे. दुसरे असे की ज्यांतले एखाददुसरे गाणेच आपण ऐकले आहे असे मराठी अल्बम पुष्कळ आहेत. श्रीनिवास खळे यांनी संगीत दिलेला आणि लता मंगेशकर यांनी गायलेला ‘अभंग तुकयाचे’ घ्या. यातले काही अभंग आपल्याला तोंडपाठ असतील, परंतु सगळे अभंग सलग, मधे दुसरे काही न लावता किती जणांनी ऐकले आहेत? येत्या पंधरवड्यासाठी तोच निवडावा, आणि दुसऱ्या वेळी ऐकताना तोंडपाठ नसलेल्या अभंगांकडे अधिक लक्ष द्यावे.