ताबा ज्याचा त्याच्या हातात राहू दे

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

दिवे, कॅमेरा, फोकसच्या मोटारी, धुराचे यंत्र आणि एलईडी भिंत या सगळ्यांवर एकाच पडद्यावरून हुकूम चालावा म्हणून तू सॉफ्टवेअर लिहितो आहेस, आणि प्रत्येक कंपनीचे यंत्र आपापल्या पद्धतीने बोलते, इथे तुझे घोडे अडले आहे. सर्वांसाठी एक नवाच प्रोटोकॉल, म्हणजे यंत्रांच्या बोलण्याची सामाईक पद्धत, रचावा का, असे तू विचारतोस. रचू नकोस. तुझी अडचण प्रोटोकॉलची नाही. तुझ्या आराखड्यात गॅफर (सेटवरच्या दिव्यांचा प्रमुख), फोकस पुलर (लेन्सचा फोकस सांभाळणारा) आणि लाइटमन यांना कुठेही जागा नाही, ही आहे.

दिव्यांपुरते बोलायचे तर प्रोटोकॉल हवे तेवढे आहेत. डीएमएक्स ५१२ हे दिव्यांना हुकूम पाठवण्याचे मानक १९८६ सालापासून चालत आलेले आहे: एका तारेवर ५१२ चॅनेल, प्रत्येकाचे मूल्य ० ते २५५, आणि सर्व चॅनेल भरून पाठवले तर सेकंदाला जास्तीत जास्त ४४ वेळा. ते एकाच दिशेने बोलते, त्यामुळे हुकूम दिव्यापर्यंत पोहोचला की नाही हे त्यातून कळत नाही. चुकांची तपासणीही त्यात सक्तीची नाही, आणि म्हणूनच जिथे जिवाला धोका आहे तिथे ते वापरू नये असे ते मानक स्वतःच बजावते. २००६ साली मानक झालेल्या आरडीएममुळे त्याच तारेवरून दिव्याचे उत्तर वाचता येऊ लागले. हेच हुकूम नेटवर्कवरून पाठवण्यासाठी आर्ट-नेट आणि एसएसीएन हे प्रोटोकॉल आहेत. तुझ्या पत्रात आरडीएमचा साधा उल्लेखही नाही. नवा प्रोटोकॉल रचायला निघालेल्याने जुने मानक उघडूनही पाहू नये, याचा मला राग आला आणि तो मी लपवत नाही.

आता मुख्य गोष्ट सांगतो. ज्या माणसाच्या जबाबदारीवर एखादे यंत्र आहे, त्याच्या हातातला ताबा तुझ्या सॉफ्टवेअरने एका क्षणासाठीही काढून घेता कामा नये. एसएसीएनमध्ये प्रत्येक पाठवणाऱ्याला ० ते २०० असा अग्रक्रम देता येतो आणि तो दिला नाही तर १०० धरला जातो. गॅफरच्या दिवे चालवण्याच्या डेस्कचा अग्रक्रम तू तुझ्या सॉफ्टवेअरच्या वर ठेव, म्हणजे त्याच्या डेस्कवरून डेटा जाऊ लागताच दिवे फक्त त्याचेच ऐकतील, तुला न विचारता. तुझा लॅपटॉप बंद पडला तर अडीच सेकंदांनी तू नेटवर्कवर नाहीस असे मानले जाते. त्यानंतर काय करायचे, म्हणजे शेवटची स्थिती धरून ठेवायची की अंधार करायचा, हे अनेक एलईडी दिव्यांच्या मेनूत ठरवता येते. टेक चालू असताना एखादा ज्येष्ठ नट पानभर संवाद म्हणत असेल आणि तुझा प्रोग्राम कोसळला, तर चौकटीतला उजेड तसूभरही हलता कामा नये. ही निवड प्रत्येक दिव्यावर, शूटिंग सुरू होण्याआधी, लाइटमनला बरोबर घेऊन तपासायची असते. ते तुझ्या कोडने होणार नाही.

फोकसचेही तेच. २४ फ्रेमच्या चित्रीकरणात एका फ्रेमला जेमतेम ४२ मिलिसेकंद मिळतात, आणि फोकस पुलरचा हात नटाच्या श्वासाबरोबर फिरत असतो. त्याच्या हाताच्या आणि लेन्सच्या मध्ये तू येऊ नकोस. लेन्स काय सांगते ते वाच, टाइमकोडसह (प्रत्येक फ्रेमच्या वेळेच्या खुणेसह) नोंदव, आणि तिथे थांब. कॅमेऱ्याचा शटर कोन (एका फ्रेमवर किती वेळ उजेड पडतो ते ठरवणारा) वाचून, आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर २४ फ्रेमला १७२.८ अंश नसेल आणि सेटवर लुकलुकणारा दिवा असेल, तर इशारा जरूर दे. पण कोन आपणहून बदलू नकोस. माहिती एकत्र आण, ती कुणालाच नको नसते. हुकूम मात्र ज्याचा त्याच्याकडे राहू दे. मी हे कानीकपाळी ओरडून सांगतो आहे, कारण पडद्यावर सगळे सरकपट्ट्यांत मावलेले दिसले की कुणाचाही मोह अनावर होतो.

गोरेगावच्या चित्रनगरीत एका निर्मात्याने मला असेच सॉफ्टवेअर मागितले होते, आणि त्यात नटाला तारेवर उचलणारी विंचही हवी होती. मी नकार दिला. विंचचे आपत्कालीन बटण वेगळ्या तारेने थेट मोटारीच्या वीजपुरवठ्याशी जोडलेले असावे, ते कुठल्याही नेटवर्कवरून जाऊ नये, असे मी तेव्हाही म्हटले आणि आजही म्हणतो. काम दुसऱ्याला मिळाले. माझे सॉफ्टवेअर मोजक्या गॅफरांच्या लॅपटॉपवर राहिले, मोठ्या सेटवर कधी पोहोचले नाही, आणि याची खंत मला आहे. मी हेकटपणाने स्वतःचे नुकसान करून घेतले असे जवळचे लोक म्हणतात. त्यांना पैशाचे नुकसान दिसते. मला मात्र असे लाइटमन आठवतात, ज्यांनी माझा प्रोग्राम निर्धास्तपणे वापरला, कारण तो बाजूला सारायला त्यांना कुणाची परवानगी लागत नव्हती. तो विश्वास मिळवायला मला उमेदीची वर्षे लागली, आणि तू तो पहिल्याच आवृत्तीत उधळायला निघाला आहेस, म्हणून हे पत्र इतके कडक झाले आहे.

तुझी बुद्धी तल्लख आहे, यात शंका नाही. म्हणून आता एवढेच कर: नवे काही लिहू नकोस. एक दिवा, एक डेस्क आणि एक नेटवर्क स्विच घेऊन बस, तुझे सॉफ्टवेअर दिवा चालवत असताना नेटवर्कची तार उपट, मग प्रोग्राम मार, मग लॅपटॉपची वीज काढ, आणि प्रत्येक वेळी दिव्याने काय केले ते वहीत लिही. ही चाचणी एखाद्या कामकरी गॅफरसमोर कर आणि त्याच्या तक्रारी त्याच्याच शब्दांत उतरवून घे. ती वही घेऊन ये, मग आपण आराखड्यावर बोलू.

तुझा,
एक जुना सेटवाला